आरोग्यसखीची रजा

लोणावळ्यातल्या हॉटेलांमध्ये मला 'पीएफवाल्या बाई' म्हणत. मी फाटकातून आत शिरले की रखवालदार आत वर्दी द्यायचा आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने चार-पाच माणसं बाहेर पडून डोंगराकडे बघत उभी राहायची. वास्तविक मी सरकारी निरीक्षक नव्हते. मालकानेच नेमलेली सल्लागार होते. पण हे त्या माणसांना कुणी सांगितलेलं नसायचं, आणि अधूनमधून मालकालाही त्याचा विसर पडायचा.

माझं ऑफिस तळेगावात होतं, खाली औषधाचं दुकान आणि वर मी. कामगार कायद्याची सल्लागार म्हणजे नेमकं काय करते, असं माझ्या घरच्यांनीही कित्येक वर्षं विचारलं. उत्तर फार मोठं नाही. माणूस कामाला ठेवला की ठेवणाऱ्यावर काही जबाबदाऱ्या येतात. नेमणुकीचं पत्र, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, बाळंतपण, आणि काढायचंच झालं तर कसं काढायचं. या जबाबदाऱ्या त्याला समजतील अशा भाषेत सांगायच्या, आणि "हे सगळं करावंच लागतं का हो?" असं त्याने विचारलं की "हो" म्हणायचं. मला फी मिळायची ती मुख्यतः या "हो"ची. बाकीचं काम ऑफिसातल्या मुली करत.

हॉटेलवाले मला कधी अवघड गेले नाहीत. आपण कायदा चुकवतोय हे हॉटेलवाल्याला माहीत असतं, त्यामुळे बोलणं लवकर संपतं. अवघड गेल्या त्या सेवाभावी संस्था. मावळात त्या पुष्कळ आहेत. हवा चांगली, पुणं-मुंबई जवळ, आणि करायला काम भरपूर. संस्था चालवणारी माणसं सज्जन असतात, आणि सज्जन माणसाला कायदा आपल्यासाठी आहे हे पटवणं हे मोठं जिकिरीचं काम आहे. आमची संस्था नफा मिळवत नाही, असं ते सांगतात. ते कायद्याला मान्यच आहे. पण संस्थेत काम करणाऱ्याला भूक लागत नाही, असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही.

लोणावळ्याच्या बाहेर एक साधना केंद्र होतं. तिथले चालक म्हणाले, आमच्याकडे नोकर कुणी नाही, सगळे साधक आहेत. समोरून एक साधक बादली आणि खराटा घेऊन चालला होता. मी त्याला थांबवून विचारलं, "साधना कधी करता?"

"रविवारी," तो म्हणाला.

"रविवारी काय करता?"

"झोपतो."

चालक मला म्हणाले की निद्रा हीसुद्धा एक अवस्था आहे. त्या साधकांचा भविष्य निर्वाह निधी सुरू व्हायला मला तीन चकरा माराव्या लागल्या.

पण सांगायची आहे ती डॉक्टर सुमतीच्या संस्थेची गोष्ट. संबंधितांना विचारून लिहिते आहे, नावं बदलली आहेत.

सुमती माझी शाळेपासूनची मैत्रीण. डॉक्टर झाल्यावर तळेगावात दवाखाना चांगला चालला असता, पण ती आंदर मावळातल्या गावांमध्ये गेली. तिकडे बायका घरीच बाळंत होत आणि त्यातल्या काही वाचत नसत. तिने ट्रस्ट नोंदवला, एक जुनी जीप घेतली, आणि गावोगावच्या थोड्याफार शिकलेल्या मुली निवडून त्यांना शिकवलं. त्यांना ती 'आरोग्यसखी' म्हणे. सखी घरोघर जायची, गरोदर बाईचं वजन, रक्तदाब बघायची, गोळ्या द्यायची, सासूची समजूत काढायची, वेळ आली की गाडीची सोय करायची. या कामामुळे आज जिवंत असलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून सुमतीबद्दल कुणाचं मत वाईट होऊ नये.

सगळ्यात चांगली सखी होती रेश्मा. शेतकऱ्याच्या घरातली, बारावी झालेली, त्याच भागात लग्न करून दिलेली. अंगाने लहानखुरी, बोलणं हळू, आणि चढावर जीपच्या आधी पोचणारी. तिला अकरा महिन्यांचा करार मिळायचा. तो संपला की मध्ये थोडा खंड पाडून पुन्हा नवा करार. पगाराला 'मानधन' म्हणत. हे दोन्ही बदला म्हणून मी सुमतीला दर वर्षी सांगत होते, आणि ती दर वर्षी मला पोहे खायला घालत होती.

एका सकाळी तिचा फोन आला. "मीना, एक पत्र लिहून हवंय. रेश्माचा करार या महिनाअखेर संपतोय. तो पुढे वाढवायचा नाही."

"का? काम बिघडलं का तिचं?"

"नाही गं. तिला दिवस गेलेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात.

मी दुपारी तिच्याकडे गेले. कामशेतमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत संस्थेचं कार्यालय होतं. भिंतीवर आई आणि बाळाचं मोठं चित्र, खाली लिहिलेलं, 'पहिले सहा महिने फक्त आईचं दूध'. त्या चित्राखालच्या खुर्चीत बसून सुमतीने मला अडचण सांगितली, आणि अडचण खरी होती. सख्यांचं मानधन एका कंपनीच्या देणगीतून यायचं. देणगीच्या अंदाजपत्रकात औषधांना पैसे होते, जीपच्या डिझेलला होते, फलकांना होते. कुणा सखीलाच मूल होईल ही शक्यता त्यात धरलेली नव्हती. रेश्माला पगारी रजा दिली तर तिच्या जागी दुसरी ठेवायला पैसे नाहीत. दुसरी ठेवली नाही तर तिच्या गावांतल्या बायकांकडे कोण बघणार?

"मला त्या बायकांचा विचार करायला हवा," सुमती म्हणाली.

"रेश्मा त्यातलीच एक बाई आहे."

"मीना, आम्ही कंपनी आहोत का?"

"कायद्यात कंपनी असं लिहिलेलं नाही. आस्थापना लिहिलंय. दहा माणसं पगारावर असली की झालं. तुझ्याकडे त्याहून जास्त आहेत."

"मानधनावर."

"महिन्याच्या महिन्याला, ठरलेलं काम केल्यावर मिळतं, त्याला पगारच म्हणतात. नाव काहीही ठेव." मग मी तिला सरळ सांगितलं. सव्वीस आठवडे पगारी रजा. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही. करार संपल्याचं निमित्त पुढे केलं, तरी इतकी वर्षं नवा करार होत आला आणि नेमका आत्ताच का थांबला, हे कुणीही विचारेल.

"कोण विचारणार आहे?" ती म्हणाली. हे तिने धमकी म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच वाटत होतं की कुणी विचारणार नाही. आणि ते बरोबर होतं.

मी पत्र लिहायला नकार दिला. ती म्हणाली, ती स्वतः लिहील. त्या दिवशी पोहे झाले नाहीत.

नंतर मला कळलं की दिवस गेल्याचं रेश्माने स्वतःच येऊन सुमतीला सांगितलं होतं, आणि तेही लवकर. का, तर सख्यांच्या शिबिरात सुमतीच शिकवायची, लपवू नका, पहिल्या तीन महिन्यांत सांगा.

त्यानंतर काही दिवसांनी रेश्मा सासूला घेऊन माझ्या ऑफिसात आली. सासूचं नाव विठाबाई. दोघी खुर्चीच्या कडेला बसल्या. रेश्माने पत्र दाखवलं. 'आपल्या सेवेबद्दल संस्था कृतज्ञ आहे' अशी सुरुवात होती. माझ्या व्यवसायात या वाक्यानंतर कधीच चांगली बातमी येत नाही.

मी रेश्माला सांगितलं, "हे बघ, मी संस्थेची सल्लागार आहे. एका बाजूची असताना दुसऱ्या बाजूला सल्ला देता येत नाही. पुण्याला कामगार कार्यालय आहे. शिवाजीनगरला उतरून कुणालाही विचार. तिथे काही खर्च येत नाही. एवढंच मी सांगू शकते, आणि एवढं मी रस्त्यावरच्या कुणालाही सांगितलं असतं."

रेश्मा मान खाली घालून म्हणाली, "ताईंवर तक्रार करायची? ताईंनी मला शिकवलं. गावात लोक तोंडात शेण घालतील, बाई."

विठाबाईंनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं. "म्या हिला तवाच सांगितलं हुतं, घरी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "तर ही म्हनली, न्हाई, ताईंचं काम हाय. दुसऱ्याच्या सुना बाळतपनाला नेताना हिला रात न्हाई दिस न्हाई. आता हिचं आलं तर ताईंना जड झालं व्हय?"

मी पत्राची घडी घालून रेश्माला परत दिलं. 

"सल्ला न्हाई तर न्हाई," विठाबाई म्हणाल्या, "च्या तरी द्याल का?"

चहा दिला. सल्लागार म्हणून माझ्या हातात त्या दिवशी तेवढंच होतं. इतक्या वर्षांत मी अनेक मालकांच्या बाजूने बसले, पण समोर बसलेल्या माणसाचं बरोबर आहे हे माहीत असून बिस्किटांची बशी पुढे सरकवत राहण्याची वेळ त्या दिवसाइतकी जड कधी गेली नाही.

महिना संपायच्या आत देणगीदार कंपनीची माणसं काम बघायला आली. हल्ली देणगीदार नुसतं काम बघत नाहीत, कागदपत्रंही बघतात. नोंदणी, हिशेब तपासणी, कामगार कायद्यांचं पालन. म्हणून सुमतीने मलाही बोलावलं. आमचं बोलणं कामापुरतं चालू होतं. पाहुणे बंगळूरहून आले होते, लोणावळ्याला उतरले होते, आणि त्यांच्यातल्या मुख्य बाईंना मराठी येत नव्हतं. म्हणून दुभाषाचं काम सुमतीकडे.

कार्यक्रम रेश्माच्या गावातल्या समाजमंदिरात होता. बायका सतरंजीवर, पाहुणे खुर्च्यांवर, मी एका खांबाशेजारी. रेश्माने बाळाला पाजताना कसं धरायचं ते कापडाची बाहुली घेऊन दाखवलं. तोवर तिचं पोट दिसायला लागलं होतं. सुमती एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होती, आणि छान सांगत होती.

मग पाहुण्या बाईंनी हसून विचारलं, आणि सुमतीने ते मराठीत केलं, "त्या विचारतायत, तुझं बाळ झालं की तू काय करणार?"

रेश्माने बाहुली खाली ठेवली. पदर नीट केला. म्हणाली, "ताई मला सहा महिने रजा देणार हायेत. पगारी. मी घरी ऱ्हाऊन बाळाला पाजणार, आणि मग परत कामाला येणार."

  मी सुमतीकडे बघत होते. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं. तिने 'ही घरी राहणार आहे' एवढंच सांगितलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. सतरंजीवरच्या बायका मात्र तिच्याकडे बघत होत्या. त्यांना रेश्मा काय बोलली ते समजलं होतं, आणि आता ताई काय बोलतात ते समजणार नव्हतं.

सुमतीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिने भाषांतर केलं. अचूक केलं. 'पगारी' हा शब्दसुद्धा गाळला नाही.

पाहुण्या बाई फारच खूश झाल्या. मावळातल्या एवढ्याशा संस्थेत अशी पद्धत आहे हे आपल्या अहवालात लिहीन म्हणाल्या. सुमतीने त्यांचे आभार मानले. विठाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी वाजवली.

निघण्याआधी मी रेश्माला बाजूला घेऊन विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"मग बोललीस कशी?"

"ताईंनीच शिकवलंय," ती म्हणाली. "सासू सुनेला दवाखान्यात धाडत नसली, तर तिच्याशी घरात भांडायचं न्हाई. पाव्हनं आलं की त्यांच्यासमोर म्हनायचं, आत्या मला दवाखान्यात नेणार हायेत. मग त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई."

परतताना मी सुमतीच्या जीपमध्ये होते. डांबरी रस्ता लागल्यावर ती म्हणाली, "तू पढवलंस तिला."

"नाही."

"ती तुझ्याकडे आली होती. मला माहीत आहे."

"आली होती. मी चहा दिला."

तिचा विश्वास बसला नाही. राहायची तीही तळेगावातच. तिने मला माझ्या दारात सोडलं आणि त्यानंतर फोन केला नाही. शाळेपासूनची मैत्रीण अशी दुरावली की माणूस वाणसामान घ्यायलाही वेगळ्या रस्त्याने जातो. मी तसं केलं. तिनेही तेच केलं असावं, कारण त्या वेगळ्या रस्त्यावर आम्ही एकमेकींना दोनदा भेटलो.

विश्वस्तांच्या बैठकीला मात्र तिला मला बोलवावं लागलं. खजिनदार नाना म्हणून होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, देणगीचे पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला वापरायचे असतात, रजेला नाही. हे अगदी बरोबर होतं. मी सांगितलं की संस्थेच्या स्वतःच्या निधीतून द्यायला कुणाची हरकत नाही. नाना म्हणाले, तो निधी नव्या जीपसाठी साठवलाय. सगळे सुमतीकडे बघू लागले. जुन्या जीपचं एक दार सुतळीने बांधलेलं होतं.

सुमती म्हणाली, "जीप नको."

नानांनी ते लिहून घेतलं. बैठक संपली. रेश्माला रजा मिळाली.

पण दुसरी सखी ठेवायला पैसे नव्हतेच. कायदा रजा द्या म्हणतो, रजेवर गेलेल्या बाईचं काम कोण करणार हे तो सांगत नाही. इथे माझं पुस्तक संपतं आणि लोकांच्या अडचणी सुरू होतात, हे मला आयुष्यभर खटकत आलं. ते काम शेवटी सुमतीने केलं. साठी उलटलेली बाई, दोन्ही गुडघे दुखणारे. जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे वाडीपर्यंत चालत, ती रेश्माच्या गावांत घरोघर जाऊ लागली. मला हे नानांकडून कळलं. ते म्हणाले, "बाई ऐकत नाहीत. तुम्ही जरा सांगून बघा." मी सांगण्याच्या स्थितीत नव्हते.

रेश्माला मुलगी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, नीट.

पुढे कधीतरी सुमती माझ्या ऑफिसात आली. जिना चढून दमली होती. समोर बसली, पाणी प्यायली आणि जणू कालच भेटलो असं बोलायला लागली.

"विठाबाईने मला काय सांगितलं माहितीय? म्हणाली, तुमच्यापरीस आमची रेश्मा बरी. ती ऐकून घेती. तुमी नुसतं सांगता."

"मग?"

"मग काय. खरं आहे ते. मी पाच मिनिटांत वजन, रक्तदाब, गोळ्या, आणि चालले पुढे. त्या बायका मला काही सांगतच नाहीत. मी डॉक्टर ना. रेश्मा प्रत्येक घरी बसते, चहा पिते, सासूच्या तक्रारी ऐकते, आणि मग सून काय ते बोलते. मला वाटायचं ही फार वेळ लावते." तिने गुडघा चोळला. "मी हिच्या पगाराला मानधन म्हणायचे, मीना. असं काम दिवसभर करून संध्याकाळी माझ्याच्याने जेवायलासुद्धा बसवत नाही."

 इतकी वर्षं मी जे कायद्याच्या भाषेत सांगत होते, ते विठाबाईंनी चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आणि फी घेतली नव्हती.

"सगळ्यांना पत्रं दे," सुमती म्हणाली. "कायम नेमणुकीची. पगार लिही. रजा, भविष्य निर्वाह निधी, जे काय असेल ते सगळं. पुढच्या वेळी देणगी मागताना त्यांच्या रजेचेही पैसे मागायचे. नाही दिले तर ती देणगी नको."

"दोन देणगीदार जातील."

"एक गेलाय."

आम्ही मसुदा करायला बसलो. ती एकेक कलम वाचून विचारायची, मी समजावून सांगायची. आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, आठवड्याची सुट्टी. दुपार टळली. शेवटचं पान वाचून तिने कागद खाली ठेवले.

"यात माझं नाव कुठे आहे?"

"तू विश्वस्त आहेस. कर्मचारी नाहीस."

"म्हणजे मला रजा नाही."

"नाही."

"आजारी पडले तर?"

"पडू शकतेस. रजा नाही."

"निवृत्तीचं वय?"

"तेही नाही. विश्वस्ताला राजीनामा देता येतो. मग धर्मादाय आयुक्तांकडे बदलाचा अर्ज करायचा."

ती खिडकीतून खाली बघत राहिली. औषधाच्या दुकानापुढे कुणीतरी स्कूटर लावत होतं. "त्याला फार वेळ लागतो का?" तिने विचारलं.

"बराच लागतो."

"मग आजच सुरू कर. तोवर रेश्मा परत येईल. मला तिला सगळं दाखवून द्यायचंय. माझ्या जागी विश्वस्त म्हणून तिला घ्या, का कर्मचारी ठेवून प्रमुख करा, ते नियमाने काय बसतं ते तू बघ."

मी तिला म्हटलं, विचार करून सांग. ती म्हणाली, चढावर पुष्कळ विचार झालाय.

मी कोरा अर्ज काढला. राजीनाम्याचं कारण लिहायचं होतं, म्हणून तिला विचारलं, काय लिहू.

"लिही, रजा हवी होती."

मी 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं. कायद्याला तेवढं पुरतं.